मुखरू मास्तरांची मुकी शाळा

मुखरू नाकाडे मास्तर झाला तो गळा बसला म्हणून. गळा शाबूत असता तर तो जन्मभर दंडारीत राजाचं सोंग घेऊन नाचला असता आणि धानोऱ्यापलीकडच्या रानाशी त्याचा काडीचा संबंध आला नसता.

वडशाजवळचं त्याचं गाव धानाचं. कापणी-मळणी उरकली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या, की गावोगाव दंडारी रंगत. मुखरू त्यात राजा व्हायचा. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हातारीनं दचकून पदर सावरावा. लोक वाहवा करत आणि हा चेकाळत जाई. बावन्न सालच्या थंडीत घसा धरला होता, वैद्यानं बोलू नको म्हणून बजावलं होतं, तरी पठ्ठ्या लागोपाठ गावं गाजवत सुटला. शेवटी एके ठिकाणी सिंहासनावर बसून तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, आईनं देवाला बोलून पाहिलं. आवाज गेला तो गेलाच. उरली ती फुसफूस. शेजारी बसलेल्याला ऐकू यायची, पलीकडच्याला नाही.

मराठी सातवी तो पास होता. जनपद सभेनं तेव्हा रानातल्या गावांत शाळा उघडायचा सपाटा लावला होता आणि तिकडं जायला कोणी तयार नव्हतं. मुखरूनं अर्ज केला. नोकरीवर घेणाऱ्यांनी गळ्याची चौकशी केली नाही, यानंही आपण होऊन सांगितलं नाही. ज्याला बोलता येत नाही असा माणूस अशा रीतीनं मास्तर झाला, आणि पावसाळा सरता सरता कोसमटोल्याला येऊन पोचला. आता त्यांना अहो-जाहो करायला हवं, कारण गावानं पहिल्या दिवसापासून तेच केलं.

कोसमटोला म्हणजे गोंडांची थोडी घरं, एक ओढा आणि चहूकडं रान. घरात गोंडी, बाजारापुरती झाडी बोली सगळ्यांनाच येई. शाळा म्हणजे मातीनं लिंपलेल्या कुडाच्या चार भिंती आणि वर गवत. त्या एका खोलीत लहान-मोठी सगळी पोरं, आणि मास्तर एक.

त्या काळी शाळा म्हणजे ओरडा होता, हे आजच्या लोकांना पटायचं नाही. मास्तरनं अक्षर ओरडायचं, पोरांनी त्याहून मोठ्यानं ओरडायचं. जेवढा कल्ला तेवढी शिकवणी जोरात, असा हिशेब. मुखरू मास्तरांनी पहिल्या दिवशी ‘क’ म्हटलं ते पहिल्या रांगेतल्या दोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी आपापली कामं सुरू केली. कोणी एकमेकांच्या उवा बघू लागलं, कोणी खारीमागं खिडकीतून बाहेर गेलं. मास्तरांनी छडी चालवून पाहिली. मार खाऊन पोरं रडली, गोंधळ तेवढा वाढला. मग मास्तरांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी छडी मोडून चुलीत घातली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर ते ओढ्यावर गेले, तर हीच पोरं तिथं मातीचे बैल करत बसलेली. तोंडातून शब्द नाही. जीभ ओठांत धरून, मान वाकडी करून, एकेका शिंगासाठी जीव ओतणं चाललेलं. मास्तर काठावर बसून बघत राहिले. हात कामात असला की तोंड आपोआप मिटतं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांना वाटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा नकाशाच बदलला. एका कोपऱ्यात सुपात ओढ्याची बारीक रेती. तिच्यात बोटानं अक्षर काढायचं, सूप हलवायचं, पुन्हा काढायचं. दुसऱ्या कोपऱ्यात ओली माती. तिच्या वळ्या करून पळसाच्या पानावर अक्षर घडवायचं. तिसऱ्यात जमिनीवर चुन्यानं काढलेली मोठाली अक्षरं, त्यांच्यावरून चिंचोके आणि हिरडे मांडत जायचं. चौथ्यात पाट्या आणि एकुलतं एक पुस्तक. मास्तर फिरत राहत, पोराशेजारी उकिडवे बसत आणि अक्षराचा उच्चार त्याच्या कानात सांगत. पोर तो त्यांच्या कानात परत करी. मग मास्तर नांगराच्या जुन्या फाळावर दगडानं ठण्ण करत आणि सगळी पोरं एक घर पुढं सरकत. दंडारीत तालावर फेर बदलतात, तसा हा फेर. रेतीवाली मातीत, मातीवाली बियांत. पाण्याची घागर भरावी एवढ्या वेळात सगळं बदलून शांत.

या शांततेचा मास्तरांना भारी गर्व झाला. त्यांनी नियमच करून टाकला आणि तो रोज सकाळी खोलीच्या मधोमध उभं राहून, ओठांवर बोट ठेवून सांगू लागले, “तोंड बंद, हात चालू!” धानोऱ्याच्या बाजारात दुसरे मास्तर भेटले की घसे खरवडून आपापल्या वर्गांची रड गात. मुखरू मास्तर फुसफुसत सांगत, “माझ्या शाळेवरून माणूस गेला तर आत पोरं आहेत हे त्याला कळत नाही.” यात काही चुकत असेल असं त्यांना वाटायचं काहीच कारण नव्हतं. पोरांना अक्षरं येत होती.

सगळ्यांत आधी ती सोमारीला येऊ लागली. सोमारी इतवारीची नात. इतवारी गावाचा भुमया, म्हणजे गावदेवाचं सगळं बघणारा, पेरणीपासून शिकारीपर्यंत ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही असा माणूस. त्यानं नात पाठवली म्हणून बाकीच्यांनीही मुली पाठवल्या होत्या. पोरगी सात-आठ वर्षांची, बुटकी, कपाळावर गोंदण. मातीचं अक्षर ती असं घडवी की ते पानावरून उचलून घरी न्यावंसं वाटावं. पण तिची गाडी एकेका अक्षराशीच अडली होती. ओळ काही वाचता येत नव्हती. मास्तरांनी मनात धरलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सोमारीला वाचती करायची.

होळी झाली आणि शाळेमागच्या आंब्याला लहान लहान कैऱ्या लागल्या. वाऱ्यानं खाली पडत. मास्तरांनी सहज एक चिरून पाहिली. आतली कोय अजून धरलेली नव्हती, सुरी लोण्यातून जावी तशी गेली. त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. अर्ध्या कैरीच्या चपट्या अंगावर त्यांनी अक्षर उलटं कोरलं, पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवलं आणि भिंतीवर दाबलं. केशरी अक्षर उमटलं. मास्तर स्वतःवरच इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आत टोपलीभर कैऱ्या कापून, कोरून बसले. प्रत्येकानं आपलं नाव भिंतीवर छापायचं. पाचवा खेळ, आणि सगळ्यांत देखणा.

त्या दिवशी शाळा नेहमीपेक्षाही शांत होती. मास्तरांना वाटलं, पोरं हरखून गेलीत. काहींनी भराभर छापलं आणि हात मातीला पुसले. सोमारीनं हात मागं बांधले. मास्तरांना वाटलं, लाजते. ते तिच्याजवळ बसले, कानात म्हणाले, “छाप ना, भिऊ नको.” ती हलली नाही. मग मास्तरांनी हसत हसत तिचा हात मागून सोडवला, मुठीत कैरी ठेवली, मुठीवर आपला हात धरला आणि भिंतीवर दाबला. ‘सो’ उमटला. मास्तर मागं सरकून कौतुकानं बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी एकही पोर आलं नाही.

मास्तर फाळ वाजवून वाजवून थकले. ऊन चढल्यावर डोमा पाटील आला. हा गावातला सगळ्यांत बोलका माणूस, पण त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्यानं आधी भिंत पाहिली, मग टोपली.

“कैऱ्या कोनं कापल्या, मास्तर?”

“मीच कापल्या. काऊन जी?”

“आंब्याचा पंडुम व्हाचा हाय ना आजून!”

“पंडुम म्हंजे?”

डोमानं कपाळाला हात लावला. “पावसाळ्यापासून इथी राहून राह्यले तुमी, अन् पुसता पंडुम म्हंजे का!”

पण मास्तरांना ठाऊक असायचं तरी कसं? नव्या धानाचा पंडुम झाला तेव्हा ते मंडईसाठी गावी गेले होते. मग डोमानंच सांगितलं. रानात जे जे नवं येतं, धान असो, मोह असो, आंबा असो, ते आधी देवाला जातं. त्या सणाचा, पंडुमाचा, दिवस भुमया ठरवतो, सगळं गाव जमतं. तो दिवस होईपर्यंत नवी कैरी कापायची नाही, तोंडाला लावायची नाही, पोरांनी तिच्याशी खेळायचंसुद्धा नाही. मोडलं तर झाड रुसतं, वादळ येतं, वाघ येतो, आणि भोगतं ते सगळं गाव.

“अन् तुमी शाळेतल्या समद्या पोरायच्या हातानं मोडलं,” डोमा म्हणाला. “चला. इतवारीभाऊनं बोलावलं हाय.”

इतवारीच्या अंगणात गाव जमलं होतं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. दिली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. सोमारी आजीच्या आडोशाला बसली होती, दोन्ही हात काखांत गच्च दाबून.

“कालपासून पोरगी बोलत नाई,” इतवारी म्हणाला. आवाज शांत होता. “हात कायले लावत नाई. पानी बी मायच्या हातानं पेते. म्हनते, माहे हात बाटले.”

वादळाचं आणि वाघाचं भय मास्तरांपर्यंत नीटसं पोचलं नव्हतं, हे पोचलं. एवढ्याशा हातांनी घडवलेली अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढं आली.

“एक पुसू, मास्तर?” इतवारी म्हणाला. “तुमी बाहेरचे. तुमाले मालूम नसन. पन या समद्या पोरायले मालूम व्हतं. त्यायनं सांगतलं नाई तुमाले?”

मास्तरांनी पोरांकडं पाहिलं. पोरांनी माना खाली घातल्या. मग झिंगू नावाचा धिटुकला पोरगा उभा राहिला. “शाळेत बोलाचं नसते, आजा,” तो म्हणाला. आणि ओठांवर बोट ठेवून, हुबेहूब मास्तरांच्या फुसफुशीत आवाजात त्यानं म्हणून दाखवलं, “तोंड बंद, हात चालू!”

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मास्तरांना मात्र ते बोल कानफटात बसल्यासारखे लागले. आपला गळा गेला म्हणून आपण सगळ्या शाळेचे गळे दाबले होते, आणि त्यालाच शिस्त म्हणून मिरवत होतो. खोलीभर पोरांना चूक दिसत होती आणि एकालाही ती सांगायची मुभा नव्हती. आपण तेवढे कौतुकानं भिंत बघत उभे होतो.

ते पुढं झाले आणि सोमारीच्या समोर जमिनीवर बसले. मास्तरनं पोरीसमोर असं बसायची रीत तेव्हा कुठंच नव्हती. अंगणात चुळबुळ झाली.

“इतवारीभाऊ, तुमच्या देवाले माह्याकडून सांगा,” ते म्हणाले. आवाज ऐकू यावा म्हणून माणसं पुढं वाकली. “हात तिचा व्हता, जोर माहा व्हता. जे लागन ते मले लागू दे. सोमारी, माही चुकी झाली, माय.”

सोमारीनं तोंड आजीच्या पाठीत खुपसलं.

इतवारीनं नातीकडं पाहिलं. मग म्हणाला, “कोंबडा लागन. कैरीचे तुकडे त्या झाडाखालीच ठेवा. भीत सारवून काढा. पंडुमाच्या दुसऱ्या रोजी पोरं येतील.”

“अन् सोमारी?”

“तिचं मी कसं सांगू? देवाले समजावता येते, मास्तर. पोरीले कसं समजावू?”

मास्तरांनी स्वतः शेण-माती कालवली आणि भिंत सारवली. केशरी नावं एकेक करून बुजली. ‘सो’ त्यांनी सगळ्यांत शेवटी बुजवला. मधल्या दिवसांत एक सोसाट्याचा वारा सुटला आणि आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला. कोणी मास्तरांना काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर बाया त्यांना बघून वाट सोडून उभ्या राहू लागल्या. मास्तर जेवायला बसत आणि घास तसाच ठेवून उठत. पंडुमाच्या दिवशी ते मागं उभे राहिले. देवाला नवा आंबा गेला, मग सगळ्यांना फोडी मिळाल्या, मास्तरांनाही मिळाली. सोमारीनं आपली फोड आईच्या हातून खाल्ली.

पोरं आली. सोमारीही आली, आज्यानं पाठवलं म्हणून. पण हात काखेत. रेतीच्या सुपापुढं बसे, बोट लावत नसे. फाळ वाजला की मातीपुढं जाऊन तशीच बसे. फेर पुरा होई, सगळ्या कोपऱ्यांतून ती फिरून येई आणि एकाही वस्तूला तिचा स्पर्श होत नसे. मास्तरांना तो हात धरावासा वाटे, हळूच रेतीत ठेवावासा वाटे. ते आपलेच हात पाठीशी बांधून फिरत. ज्या माणसाचं सगळं शिकवणं हातांवर उभं, त्याच्यापुढं हात नसलेली पोरगी बसली होती, आणि ते त्याच्याच करणीनं.

मग त्यांनी एक काम केलं. काळ्या फळ्याशेजारी गोणपाट अंथरलं आणि स्वतः त्याच्यावर विद्यार्थ्यासारखी मांडी घालून बसले. “हा नवा कोपरा,” ते म्हणाले. “इथी मी मुका. इथी तुमी बोलाचं. कायले हात लावाचा, कायले नाई, कवा लावाचा, मले शिकवा. मी लिवतो.”

पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. मुकेपणाची सवय त्यांनीच लावली होती, ती एका दिवसात कशी जाणार? दुसऱ्या दिवशी झिंगू म्हणाला, “बिजा पंडुमच्या आंदी नांगर नाई धराचा.” मास्तरांनी ते फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं. झिंगूला अजून पुस्तकातली ओळ धड येत नव्हती, पण आपलंच बोलणं फळ्यावर बघून त्यानं ते बोट फिरवत वाचून टाकलं, आणि असा ओरडला की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. मग काय विचारता! मंगलीला सांगायचं, बिरजूला सांगायचं, मोहाचं सांगायचं, तेंदूचं सांगायचं. एकाचं बोलणं दुसरा खोडून काढी, दोघं हातघाईवर येत, मास्तर खडू घेऊन मधे. पुस्तकातली बदकं आणि गलबतं या पोरांनी कधी पाहिली नव्हती. स्वतःच्या तोंडचं मात्र ती घडाघडा वाचू लागली. रस्त्यानं जाणारा डोमा पाटील थांबून म्हणाला, “आता लागली म्हना शाळा!”

सोमारी सगळ्यात मागं बसून ऐकायची. बोलायची नाही.

सुट्टी जवळ आली होती. मातीच्या कोपऱ्यातली माती संपली होती. मास्तरांनी गोणपाटावर बसून विचारलं, “माती कुठून आनू? त्या मोठ्या झाडाखालचं वारूळ हाय ना, त्याची माती लय चिकट दिसते. ते फोडू का?”

पोरांनी एकदम श्वास आत ओढला. त्या वारुळापुढं गावाचा दिवा लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. झिंगू बोलायला उठणार एवढ्यात मागून चिडका, बारीक, खणखणीत आवाज आला.

“मास्तरले काई समजत नाई!”

सगळ्या माना मागं वळल्या. सोमारी उभी होती. आपण काय बोललो हे तिला आता कळलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या काळी मास्तरला असं बोलणाऱ्या पोराचं काय होई, ते सांगायला नको. झिंगूनं तिला खाली बसवायला तिचं लुगडं ओढलं.

मास्तर उठले. फळा पुसला. पुढं काय होणार म्हणून पोरं बघत राहिली. मास्तरांनी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि बाजूला झाले.

सोमारी फळ्याकडं बघत राहिली. मग पोरांच्या मधून वाट काढत पुढं आली. जवळ येऊन पुन्हा थांबली. आणि काखेतून तिचा उजवा हात बाहेर आला. बोट पहिल्या अक्षरावर टेकलं.

“मा... स्तर... ले.”

बोट पुढं सरकलं. खडूची पूड बोटाला लागत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. “का... ई. सम... जत.” शेवटच्या शब्दाशी ती दम घेऊन थांबली. “नाई.”

पूर्ण ओळ. जन्मात पहिली. तिनं ती पुन्हा एकदा, न अडखळता वाचली आणि मास्तरांकडं वळली.

“बराबर हाय,” ती गंभीरपणे म्हणाली, आणि खडूसाठी हात पुढं केला.